तीन डिस्कचा सेट अन् वेल्डिंगवाल्या भाऊची बास्केट : आठ महिने वापरून लिहून राहिलो

डिस्क गोल्फचा, म्हणजे डिस्क फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायच्या खेळाचा, हा सेट दसऱ्याच्या दोन दिवस आधी हातात पडला अन् आता मृग लागायला आलाय, म्हणजे आठ महिने झाले. आठ महिन्यांत तीनही डिस्क बाभळीवर आपटल्या, नाल्यात गेल्या, एक तर सात महिने विहिरीत राहून आली, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. पॅकेट उघडल्याच्या दिवशी पाच स्टार देऊन मोकळं होण्यात काही अर्थ नसतो.

आधी हे कुणासाठी घेतलं ते सांगतो. माझी भाची नववीत आहे, शाळेकडून थाळीफेक करते, तालुक्याला दोनदा पहिली आली, जिल्ह्याला मागच्या वर्षी तिसरी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचं, ताईचं सासरही गावातच, त्यामुळे पोरगी अर्धा दिवस आमच्याच घरी असते. मागच्या पावसाळ्यात माझ्या मोबाईलवर तिला डिस्क गोल्फच्या २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा शेवटच्या होलचा व्हिडिओ दिसला, अमेरिकेत युटा राज्यात ऑग्डेनला झालेली ती. जेम्स कॉनराड नावाचा लांब केसांचा खेळाडू पॉल मॅकबेथच्या एका फेकीनं मागे, शेवटचा होल, बास्केट २४७ फुटांवर म्हणजे आपले पंच्याहत्तर मीटर, अन् यानं तिथून फेकलेली डिस्क झाडांच्या बाजूनं वळत वळत सरळ साखळीत. बरोबरी झाली, मग प्लेऑफमध्ये कॉनराड जिंकला. भाचीनं तो व्हिडिओ किती वेळा पाह्यला त्याचा हिशेब नाही, डेटा माझा संपत होता. मग एक दिवस म्हणाली, "मामा, हे थाळी नाही, हे उडते. मले हेच पाहिजे."

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : गोल्फसारखंच आहे, पण काठी-चेंडूच्या जागी डिस्क अन् जमिनीतल्या भोकाच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. ठरलेल्या जागेवरून फेकायचं, जिथं पडली तिथून पुन्हा फेकायचं, कमीत कमी फेकीत बास्केटमध्ये टाकायचं. झालं.

आता सेट. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मोठ्या कंपन्यांचे सुरुवातीचे सेट थोड्याफार फरकानं असेच असतात, एक पटर (मंद उडणारी, मुख्यतः बास्केटजवळच्या फेकीची), एक मिडरेंज (मधल्या अंतराची), एक फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकीची). मला कस्टम, शिपिंग सगळं धरून साडेतीन हजाराच्या आसपास पडला. ऑर्डर पोळ्याच्या आठवड्यात केली होती. कुरिअरवाल्यानं गावात यायचं नाव घेतलं नाही, चार वेळा "पत्ता सापडला नाही" असा मेसेज आला अन् शेवटी तालुक्याला मीच जाऊन आणला. खेड्यातल्या माणसानं ऑर्डर करताना तालुक्याच्या एखाद्या दुकानदार ओळखीच्याचा पत्ता द्यावा, वीस दिवस वाचतात.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात अन् सोबतच्या कागदावर ते इंग्रजीत दोन ओळींत उरकलेत, म्हणून इथं नीट लिहितो, कारण हे कळल्याशिवाय पैसे वाया जातात. पहिला आकडा स्पीड, म्हणजे किती जोरात फेकली तर ती डिस्क नीट उडेल. दुसरा ग्लाइड, हवेत किती वेळ तरंगेल. तिसरा टर्न, म्हणजे जोरात असताना उजवीकडे किती झुकेल, हा बहुतेक वेळा उणे असतो. चौथा फेड, वेग कमी झाल्यावर शेवटी डावीकडे किती पडेल. हे सगळं उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हाताची पाठ पुढं ठेवून फेकणाऱ्यासाठी, डावखुऱ्यानं उलटं धरायचं. आमच्या सेटमध्ये पटर २, ३, ०, १ आहे, मिडरेंज ४, ४, ०, २ अन् ड्रायव्हर ६, ५, उणे २, १. नवख्याला इतकंच पाहिजे. बारा-तेरा स्पीडचे ड्रायव्हर मिळतात, गावातल्या एका पोट्ट्यानं मुंबईच्या नातेवाइकाकडून तसा एक मागवला, तो त्याच्या हातून चाळीस मीटरवर डावीकडे धपकन पडते अन् आमचा पटर त्याच्या पुढं जाते. हातात तेवढा वेगच नसेल तर मोठा स्पीड म्हणजे नुसतं ओझं.

अजून एक, हा झेलायचा फ्रिस्बी नाही. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस नावाच्या माणसानं कडा तिरप्या उतरत्या केलेली डिस्क काढली अन् तेव्हापासून या डिस्क हवा कापत लांब जाऊ लागल्या, पण तीच कड बोटावर बसली की नख काळं होते. ड्रायव्हर तर बिलकुल कुणाकडे तोंड करून फेकू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शेजारच्या पोराच्या नडगीला लागली, दोन दिवस लंगडत होता बिचारा.

प्लास्टिक साधं आहे, सेटमध्ये सगळ्यात स्वस्तवालंच देतात. बाभळीच्या खोडावर चार वेळा बसली की कडेला खाचे पडतात, अन् खाचे पडले की डिस्क आणखी उजवीकडे झुकायला लागते. आमचा ड्रायव्हर आता नवा होता तेव्हासारखा उडत नाही, सरळ फेकला तरी उजवा धुरा (बांध) ओलांडून जाते. भाचीला ते आवडते, ती म्हणते याच्यानं वळसा मारता येते. मला वाटते आठ महिन्यांत एवढं बदलायला नको होतं, म्हणून अर्धा स्टार तिथं कमी. अन् एप्रिल-मे मध्ये डिस्क उन्हात ठेवू नका. आमच्याकडच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेला पटर दुपारून पापडासारखा वाकला होता, सपाट फरशीवर उलटा ठेवून वर पाट ठेवला तेव्हा बराचसा सरळ झाला.

रंगाचं तर आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या सेटमध्ये पांढरा, हिरवा अन् गुलाबी असे आले. पांढरी मिडरेंज नोव्हेंबरात फुटलेल्या कापसात गेली अन् आम्ही तिघं जण दीड तास पऱ्हाटीत फिरलो, शेवटी वेचणीवाल्या बायांना सापडली. हिरवा ड्रायव्हर गवतात दिसत नाही. गुलाबी पटर कुठंही पडो, दिसते म्हणजे दिसते. विदर्भात कापूस-सोयाबीनच्या भागात राहत असाल तर गुलाबी किंवा भडक नारंगीच मागवा, दुकानदाराला आधी मेसेज करून सांगा.

अन् विहीर. ऑक्टोबरातच ड्रायव्हर आमच्या विहिरीत गेला, पाणी वरपर्यंत होतं, आम्हाला वाटलं प्लास्टिक आहे, तरंगेल. नाही तरंगत. काही खास हलक्या डिस्क तरंगतात, पण सेटमधल्या साध्या डिस्क सरळ तळाला जातात. बादली काढायचा गळ टाकून पाह्यला, डिस्कला कुठं अडकणार तो. मे महिन्यात विहीर आटली, गाळ काढायला माणसं उतरली तेव्हा तो वर आला, साबणानं धुतला, अन् उडाला की बाप्पा! त्या मधल्या सात महिन्यांत आमच्याकडे ड्रायव्हरच नव्हता, दोनच डिस्कवर खेळावं लागलं, अन् खरं सांगतो, पोरीचा खेळ त्याच्यामुळंच बसला. वर खाच्यांचं जे लिहिलं ते दसऱ्यानंतरच्या पंधरा दिवसांचं अन् आता मे महिन्यातल्या पंधरा दिवसांचं मिळून, एवढ्यातच तो ड्रायव्हर तसा झाला.

थाळीफेक करणाऱ्या पोरापोरींसाठी इथं जरा सविस्तर लिहितो, शाळेचे पीटी सर कुणी वाचत असतील तर त्यांच्या कामाचं आहे. बायकांची थाळी एक किलोची असते, ही डिस्क दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. थाळीत हात लांब, सरळ ठेवून अंगाभोवती गोल आणायचा असतो, खांद्यापासून. भाचीनं पहिला महिनाभर हेच केलं अन् डिस्क दरवेळी उजवीकडे नाल्यात. डिस्क गोल्फमध्ये कोपर वाकवून डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढायची असते अन् झटका अगदी शेवटी. आमच्या गावात हे समजावताना मला मोटरपंपची आठवण झाली, ते डिझेल इंजिन दोरीनं सुरू करतो ना, दोरी अंगाजवळून सरळ ओढावी लागते, गोल ओढली तर इंजिन फुरफुरते अन् बंद पडते. हे सांगितल्यावर तिला एका संध्याकाळी जमलं. कंबर आधी फिरवायची अन् हात मागून यायचा ही सवय मात्र थाळीनं आधीच लावली होती, ती फुकटची कमाई. आता ती पटर चाळीस मीटर, मिडरेंज पन्नास अन् ड्रायव्हर साठच्या आसपास टाकते, दोरानं मोजून.

बास्केट. बाहेरून मागवायची चौकशी केली तर सेटच्या कितीतरी पट पैसे अन् वजन म्हणून शिपिंग वेगळं. मग दारव्ह्याच्या एका वेल्डिंगवाल्या भाऊकडे मोबाईलमधले फोटो घेऊन गेलो. तो म्हणाला, "भाऊ, हे काय कोंबडं ठेवाचं खुराडं हाय का?" मग त्याला मी सगळी कथा सांगितली. एड हेड्रिक नावाचा माणूस, फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत कामाला, त्यानं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स उभा केला, १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना पीडीजीए काढली. आधी लोक झाडाला, खांबाला, कचऱ्याच्या डब्याला डिस्क मारायचे अन् लागली की नाही लागली यावर भांडायचे, म्हणून त्यानं साखळ्या लटकवल्या. साखळी डिस्कला थांबवते, खाली जाळीत टाकते अन् खळकन आवाज करते, भांडण मिटलं. २००२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. ही शेवटची गोष्ट ऐकून वेल्डिंगवाले भाऊ जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग नीटच बनवा लागन."

पहिली बास्केट बिघडली. आम्ही बैलाची साखळी वापरली होती, जाड, तिच्यावर डिस्क आपटून परत यायची, दगडावर आपटल्यासारखी. ते भाऊ स्वतः मोटरसायकल घेऊन गावात आले, पंधरा-वीस फेकी पाहिल्या, कुठून सुटते ते पाह्यलं अन् बास्केट टेम्पोत टाकून परत नेली. दुसऱ्यांदा बारीक साखळी, दोन थरांत, बाहेरचा घेर मोठा अन् आतला लहान, मधल्या थरातून डिस्क निसटू नये म्हणून साखळ्या एकाआड एक. आता बसते. दुसऱ्या वेळचे मजुरीचे पैसे घेतले नाहीत, फक्त साखळीचे घेतले. सगळं मिळून साडेचार हजार. खालचा पाया ट्रॅक्टरच्या जुन्या डिस्कचा, नांगराच्या तव्याचा, त्यामुळे वादळातही हलत नाही. या बास्केटला माझ्याकडून पाच पैकी पाच, त्यात काही विचार करायचा नाही.

कोर्स म्हणाल तर गावाच्या ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी गायरानात, नाल्याच्या काठानं. एकच खरी बास्केट, बाकी आठ होल म्हणजे झाडं, पळसाच्या, मोहाच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पट्टा मारला, त्या पट्ट्याला लागली की होल झाला. गुराख्यांना आधी विचारलं, गुरं असतील त्या बाजूनं फेकायचं नाही असं ठरलं. पावसाळ्यात खेळणं जवळजवळ बंद, काळी माती डिस्कला अन् हाताला अशी चिकटते की दर फेकीला पुसावं लागते. पायात चप्पल नको, बूटच घाला, काटे अन् साप-जनावर दोन्हीसाठी.

आता करिअरचं, कारण ताईचा खरा प्रश्न तोच होता. ती म्हणाली, "पोट्टी थाळी फेकते ते बरं होतं, त्याच्यात निदान सर्टिफिकेट भेटते. याच्यानं काय होईन?" मी तेव्हा तिला मॅकबेथचे दहा मिलियन डॉलर सांगितले. २०२१ मध्ये डिस्क्राफ्ट कंपनीनं त्याच्याशी दहा वर्षांचा तेवढ्याचा करार केला, वर्षाला दहा लाख डॉलर. ताईचे डोळे मोठे झाले. पण मग मलाच बरं वाटलं नाही, कारण ते सांगणं अर्धवट होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बसून पूर्ण सांगितलं.

मॅकबेथ २०१२ ते २०१५ सलग चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग २०१६, २०१७ रिकी वायसॉकीनं नेलं, २०१८ ग्रेग बार्सबीनं. तीन वर्षं हातून गेलेला किताब त्यानं २०१९ ला परत घेतला, २०२१ ला ते ऑग्डेनचं झालं, सगळ्या जगानं ज्या फेकीचा व्हिडिओ पाह्यला त्या फेकीमुळं शेवटी हरलेला माणूस हाच, अन् २०२२ ला कॅन्सस राज्यात एम्पोरियात पुन्हा प्लेऑफ खेळून सहाव्यांदा चॅम्पियन. त्याच्या आधीच्या पिढीचा केन क्लायमो तर १९९० ते १९९८ सलग नऊ वेळा अन् एकूण बारा वेळा. पण असे किती? टूरवरचे बरेच जण गाडीतच झोपून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, एन्ट्री फी भरून खेळतात, वर आले तर बक्षीस. मोठा पैसा येतो तो नावाची डिस्क विकली गेली तर. म्हणजे दुकानात जी डिस्क आपण विकत घेतो तिच्यावर खेळाडूचं नाव असेल तर त्यातला वाटा त्याला जातो, त्याची रोजी त्यावर चालते. अन् आपल्याकडे आज यातून पोट भरेल असं मी कुणाच्याही मायबापाला सांगणार नाही. थाळीफेक सोडू नको, हे भाचीला पहिल्या दिवशीच सांगितलं अन् तिनं सोडलीही नाही.

तिनं मात्र मॅकबेथऐवजी दुसराच माणूस धरला, क्रिस्टिन टाटार. एस्टोनियाची, २०२२ अन् २०२३ लागोपाठ महिलांची वर्ल्ड चॅम्पियन. एस्टोनियाची अख्खी लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या अर्धी. हे भाचीनंच भूगोलाचं पुस्तक अन् मोबाईल दोन्ही घेऊन काढलं अन् मला येऊन सांगितलं, "मामा, आपल्या जिल्ह्यात तर अशा दोन निघाले पाह्यजे." त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही, वावरात निघून गेलो.

सेटकडे परत येतो, कारण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते राह्यलं. हा सेट घ्यायचा तर पटरसाठी घ्या. बाकी दोन डिस्क चांगल्याच आहेत, पण पटर म्हणजे या साडेतीन हजारातले तीन हजार. कॉनराडनं पंच्याहत्तर मीटरवरून टाकली ती पटरच होती, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, लोकांना वाटते पटर म्हणजे जवळून टाकायची गोष्ट. पटरवर फेक चुकली तर लगेच दिसते, डगमगत जाते, ड्रायव्हर वेगात चूक लपवते. अन् जवळच्या कामाला तर तिच्याशिवाय नाहीच. बास्केटपासून दहा मीटरच्या आत नियम असा की डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून उभं राहिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, त्या घेराला सर्कल म्हणतात. भाचीनं दहा मीटरचा दोर घेऊन बास्केटभोवती चुन्यानं घेर आखला. रोज संध्याकाळी, गुरं घरी येईपर्यंत, पन्नास फेकी. दिवाळीत पाच मीटरवरून दहातल्या चार जायच्या, संक्रांतीला सहा, आता आठ. मी अजूनही दहातल्या पाचावरच आहे. आई ओसरीवर बसून आवाजावरून मोजते, खळकन झालं की एक, नुसतं धप झालं की काही नाही.

पटरबद्दल एकच तक्रार आहे, ती म्हणजे सेटमध्ये एकच येते. एक फेकायची अन् जाऊन आणायची, एक फेकायची अन् जाऊन आणायची, पन्नास फेकीत अर्धा वेळ चालण्यात जाते. कंपन्यांनी सेटमध्ये तिसरी डिस्क ड्रायव्हर न देता दुसरी पटर दिली तर नवख्यांचं जास्त भलं होईल, मला हे मनापासून वाटते. वजनही बघून घ्या, डिस्कच्या खालच्या बाजूला बहुतेक वेळा लिहिलेलं असते, शाळकरी पोरांना दीडशेच्या जवळचं बरं पडते, आमचा ड्रायव्हर जड आला अन् पहिल्या पंधरा दिवसांत तिचं मनगट दुखलं.

तर सेटला पाच पैकी साडेतीन. अर्धा प्लास्टिकसाठी कमी, अर्धा रंगांसाठी, अर्धा पटर एकच आहे म्हणून.

पुढची ऑर्डर काल टाकली, चार पटर, चारही गुलाबी, दीडशे ग्रॅमच्या, पत्ता दारव्ह्याच्या किराणावाल्या काकाजींचा. वेल्डिंगवाल्या भाऊंना दुसरी बास्केट सांगितली आहे, पेरणी लागायच्या आत देतो म्हणाले, ॲडव्हान्स घेतला नाही. ती पळसाजवळच्या चौथ्या होलला लावायची असं भाचीनं ठरवलंय, खड्डा तिनंच खणून ठेवलाय.